सीटी नॉर्मल, पंधरा दिवस विश्रांती, मग फिट: फोंडा तालुक्यातील एका कन्कशनचे प्रकरण

रुग्णाचे व संस्थांचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. कन्कशन म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूच्या कामकाजात झालेला बिघाड. 'दिवस ०' म्हणजे मार बसला तो दिवस.

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात नववीला शिकणारी चौदा वर्षांची मुलगी. वजन ४४ किलो. शाळेच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळते, रविवारी गावच्या क्लबकडूनही. फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ. शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यातच येतात आणि ओल्या मैदानावर उशिरा घसरत येणारी धडक रोजचीच.

मंगळवारी, सामन्याच्या उत्तरार्धात, उंच चेंडूवर दोघी उडाल्या आणि प्रतिस्पर्धी मुलीचे डोके हिच्या डाव्या कानशिलाच्या वर आदळले. ती पडली. शुद्ध हरपली नाही, पण उठून उभी राहिली ती डोके धरून, आणि दोन-तीन पावले तिरकी गेली. क्रीडाशिक्षकांनी तिला बाहेर बसवले, थंड स्प्रे मारला, पाणी दिले. पाच मिनिटांनी "बरी आहेस ना?" विचारले, ती हो म्हणाली, परत आत गेली आणि उरलेली बारा मिनिटे खेळली. त्या बारा मिनिटांत तिने मैत्रिणीला दोनदा विचारले, "गोल किती झाले?" मैत्रिणीला ते विनोदी वाटले. मैदानावर दिसलेले सगळ्यांत स्पष्ट लक्षण तेच होते. तिरकी चाल हे दुसरे. यातले एकही दिसले तर खेळाडू त्या दिवशी परत मैदानात जात नाही, "बरी आहे" म्हणाली तरी.

संध्याकाळी घरी दोन उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढली, आईच्या प्रश्नांना उत्तरे उशिरा येऊ लागली. रात्री नऊच्या सुमारास घरच्यांनी तिला एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेले. पूर्ण शुद्धीत, ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीचे मापन) १५ म्हणजे पूर्ण, बाहुल्या समान, कानामागे वा डोळ्यांभोवती काळे-निळे नाही, कान-नाकातून पाणी नाही. घरच्यांनी आग्रह धरला म्हणून सीटी झाला. नॉर्मल आला. मध्यरात्रीनंतर घरी सोडले.

कागदावर एवढेच: डोक्याला मार, सीटी नॉर्मल. पॅरासिटामॉल ५०० दिवसातून तीनदा, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, चक्करीसाठी सिनारिझिन. १५ दिवस संपूर्ण विश्रांती. सोबत शाळेसाठी प्रमाणपत्र: पंधरा दिवस आजारी, त्यानंतर सर्व कामांसाठी फिट. पुढच्या तपासणीची तारीख नाही.

अडचण

पंधरा हा आकडा आला कुठून, हे वैद्यकशास्त्रात शोधून सापडत नाही. तो रजेच्या अर्जातून येतो. पण घरात तो शब्दशः पाळला गेला. खिडक्यांना पडदे, मोबाइल बंद, टीव्ही बंद, पुस्तक बंद, मैत्रिणींना मनाई. मुलगी दिवसा चार-चार तास झोपू लागली, रात्री जागी. सकाळी उशिरा उठायची म्हणून नाश्ता गेला, पाणीही कमी झाले. गोळी तीनदा लिहिली होती, ती तीनदा घेतली, अगदी डोके फार दुखत नसेल त्या दिवशीही.

सोळाव्या दिवशी ती शाळेत गेली. क्रीडाशिक्षकांनी प्रमाणपत्र वाचले. त्यात 'फिट' होते, तारीख होती, सही-शिक्का होता. त्यांनी काही चुकीचे वाचले नाही. सतराव्या दिवशी, शुक्रवारी, ती सरावाला उतरली. धावण्याच्या दुसऱ्या फेरीतच डोके ठणकायला लागले आणि पाच-सहा हेडर (डोक्याने चेंडू मारणे) घेतल्यावर चक्कर येऊन ती खाली बसली. शनिवारी डोकेदुखी, उजेड आणि आवाज असह्य. सोमवारी, विसाव्या दिवशी, आई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन आली. विचारणे एकच होते: "सीटी परत काढायचा का?"

मुलीने स्वतःहून एक वाक्य उच्चारले, तेही डॉक्टरांनी आईला क्षणभर बाहेर बसायला सांगितल्यावर: "सगळ्यांना वाटतं मी नाटक करते."

विसाव्या दिवसाची तपासणी

ओपीडीत ६० रुग्ण असताना ही तपासणी होत नाही. डॉक्टरांनी सकाळी फक्त धोक्याची लक्षणे पाहिली: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, गुंगी, झटके, हातापायात अशक्तपणा, बोलण्यात फरक, मानेत तीव्र दुखणे. एकही नव्हते. उरलेल्या तपासणीसाठी त्याच दिवशी साडेबाराची वेळ दिली आणि चाळीस मिनिटे राखून ठेवली. हे दोन तुकडे करणे ही साधी युक्ती आहे, पण तिच्याशिवाय प्राथमिक केंद्रात कन्कशन नीट तपासून होत नाही.

चौकट घेतली ती स्कोट-६ ची, म्हणजे खेळातले कन्कशन तपासण्याच्या छापील नमुन्याची. मैदानावर आणि पहिल्या ७२ तासांत स्कॅट-६ चालते. त्यानंतर, दवाखान्यात बसून तपासण्यासाठी स्कोट-६ आहे. दोन्ही २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेतून आलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन्ही १३ वर्षांपासून पुढे. ८ ते १२ वयासाठी वेगळी आवृत्ती आहे.

लक्षणांची यादी २२ प्रश्नांची, प्रत्येकाला ० ते ६ गुण, एकूण १३२. मुलीचे ४१ आले. सर्वांत वर डोकेदुखी, थकवा, आवाज सहन न होणे, 'डोक्यात धुके' आणि चिडचिड. मग आई आणि मुलीला तोच कागद पुन्हा दिला आणि मार लागण्याआधीच्या एखाद्या साध्या आठवड्याचे गुण भरायला सांगितले. ते ३ आले. हा दुसरा आकडा पुढे फार उपयोगी पडला, कारण निरोगी किशोरवयीन मुलांचेही गुण शून्य नसतात आणि शून्याची वाट पाहत बसले तर मूल कधीच बरे झाले असे म्हणता येत नाही.

रक्तदाब आणि नाडी: दोन मिनिटे पडून १०६/६८ आणि ७४, उठून उभे राहिल्यावर एका मिनिटाने ९८/६४ आणि १०८. नाडी ३४ ने वाढली, सोबत डोके हलके झाले. ३० पेक्षा जास्त वाढ ही नोंद घेण्यासारखी. पंधरा दिवस अंथरुणात काढलेल्या, सकाळी उपाशी राहणाऱ्या मुलीत ती सापडणे नवलाचे नाही. म्हणजे चक्करीचा निदान एक भाग तरी उपचारातून आलेला होता.

मान: डावीकडे वरच्या मणक्यांजवळ दाबल्यावर दुखत होते आणि मान डावीकडे वळवली की नेमकी तीच डोकेदुखी उमटत होती. ज्या जोराने मेंदू हलतो तो मानही हलवतो. विसाव्या दिवसापर्यंत कुणी मानेला हात लावलेला नव्हता.

डोळे: दोन बोटांमध्ये नजर झटपट इकडून तिकडे न्यायला सांगितले, तेव्हा चक्कर १० पैकी २ वरून ५ वर गेली. पेनचे टोक नाकाकडे आणताना ११ सेंटिमीटरवर दोन दिसू लागले. ५ सेंटिमीटरच्या आसपासपर्यंत एकच दिसायला हवे. फळ्यावरून वहीकडे आणि वहीवरून फळ्याकडे पाहताना तिला मळमळायचे, त्याचा उलगडा इथे झाला. ऑप्थॅल्मोस्कोपने डोळ्याच्या आत पाहिले तर नेत्रबिंबाच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे डोक्यातला दाब वाढल्याची खूण नव्हती.

स्मरण: दहा शब्दांपैकी सात लगेच सांगितले, काही मिनिटांनी पाच. महिने उलटे म्हणताना दोनदा अडखळली. शब्द डॉक्टरांनी घरच्या भाषेतले घेतले होते, म्हणून हे गुण छापील प्रमाणांशी ताडता येत नाहीत. तोच प्रकार, वेगळे शब्द घेऊन, पुढच्या भेटीत तिच्याच आधीच्या गुणांशी ताडायचा.

जुना इतिहास विचारल्यावर निघाले की दोन वर्षांपूर्वी ती सायकलवरून पडली होती आणि दहा-बारा दिवस डोके दुखत होते. कुणाला दाखवले नव्हते. आईला अर्धशिशी आहे. मुलीला नाही, पण घाटात गाडी लागते.

समोरचे पर्याय

पुन्हा सीटी. घरच्यांची पहिली पसंती. पण नवीन धोक्याचे लक्षण नाही, डोळ्यांची बिंबे स्वच्छ, हातापायांत काही नाही. कन्कशन हा मेंदूच्या कामकाजातला बिघाड. सीटीत रक्तस्राव आणि हाडाची चीर दिसते, हा बिघाड दिसत नाही. दुसरा नॉर्मल अहवाल आला असता तर "नाटक करते" या समजुतीवर आणखी एक शिक्का बसला असता.

आणखी विश्रांती. आजीचा आग्रह. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे हलकी कामे चालू ठेवून, हेच आजचे मत. त्यानंतर अंधाऱ्या खोलीतली सक्तीची विश्रांती बरे होणे लांबवू शकते. हा पर्याय इथे वापरून झाला होता, त्याचे फळ समोर बसले होते.

लगेच बांबोळीला पाठवणे. यावर खरा विचार झाला. तिथल्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीत जाऊन येणे म्हणजे या घरासाठी आख्खा दिवस, वडिलांची एक मजुरी आणि मुलीला दोन बसगाड्यांतला धक्क्यांचा आणि मोठ्या गाण्यांचा प्रवास. शस्त्रक्रियेचा प्रश्न नव्हता. पण चार आठवड्यांपलीकडे लक्षणे राहिली तर अनेक शाखांनी मिळून पाहावे असे मार्गदर्शन आहे, आणि चार आठवडे भरायला आठच दिवस उरले होते. ठरले ते असे: योजना आज इथेच सुरू करायची, रेफरलचे पत्र आजच लिहून फाइलमध्ये ठेवायचे.

शुक्रवारचा प्रकार नवे कन्कशन धरायचे का? हा प्रश्न कागदावर कुठे छापलेला नसतो, पण पुढचे सगळे त्यावर ठरते. डोक्यावर नवी धडक नव्हती, हेडर होते. लक्षणे दोन दिवस उसळली आणि सोमवारी सकाळी आधीच्या पातळीला आली होती. डॉक्टरांनी ती जुन्याच दुखण्याची उसळी मानली. मात्र खेळाबद्दलची सावधगिरी नव्या मारासारखीच धरली. बरे न झालेल्या मेंदूला दुसरा मार बसून सूज येण्याचा प्रकार दुर्मीळ आहे, पण तो मुख्यतः याच वयात नोंदला गेला आहे. आणि दुर्मीळ गोष्ट बाजूला ठेवली तरी, मार लागल्यावर खेळत राहिलेल्या किशोरवयीन खेळाडूंना बरे व्हायला लगेच थांबलेल्यांच्या जवळपास दुप्पट वेळ लागल्याचे अभ्यासात दिसले आहे.

काय केले

पहिले काम प्रमाणपत्राचे. जुने रद्द समजावे असे लिहून नवे दिले. त्यात 'आजारी' आणि 'फिट' हे दोन्ही शब्द नव्हते. मजकूर असा: "शाळेत येऊ शकते, खालील सवलतींसह. कोणताही खेळ, पीटी, धावणे, हेडर सध्या नाही. खेळाची परवानगी वेगळ्या लेखी पत्राने दिली जाईल. पुढील तपासणी:" आणि तारीख. खेळाच्या परवानगीपुढे तारीख घालायची नाही, हा नियम. पुढची तारीख आधीच लिहिणारा डॉक्टर, त्या दिवशी रुग्ण कसा असेल हे न बघता सही करत असतो.

दुसरे, गोळ्या. सिनारिझिन बंद. ते चक्कर दडपते, आणि मेंदूला तोल पुन्हा जुळवायला जी हालचालीची जाणीव लागते तीही मंद करते, वर झोप आणते. पॅरासिटामॉल तीन आठवडे जवळपास रोज झाले होते. अति-औषधाच्या डोकेदुखीच्या निकषात हे बसत नाही (त्यासाठी महिन्यात १५ वा अधिक दिवस आणि तेही तीन महिन्यांहून जास्त लागते), पण वाट तीच होती. म्हणून आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवस, एका वेळी ५०० मिलिग्रॅम. आईला बजावून सांगितले की पहिले चार-पाच दिवस डोके जास्त दुखेल आणि ते बिघडल्याचे लक्षण नाही. हे आधी सांगितले नाही, तर तिसऱ्या दिवशी घरचे दुसऱ्या डॉक्टरकडे जातात आणि नवी गोळी सुरू होते. मेंदूच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या टॉनिकबद्दल शेजाऱ्यांनी सुचवले होते, त्याला नाही म्हटले.

झोप आणि पाणी: रोज साडेसहाला उठणे, सुट्टीतही. दुपारी झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, तीही तीनच्या आत. दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी, सकाळी नाश्ता, आणि मधल्या वेळी मीठ घालून पेज. लिहून दिलेल्या सूचनांपैकी पेजेची तेवढी आजीने मनापासून उचलून धरली.

व्यायाम. यासाठी ट्रेडमिल वापरतात, केंद्रात ती नव्हती. व्हरांड्यात चालवून पाहिले: हळू सुरुवात, दर दोन मिनिटांनी वेग वाढवायचा, प्रत्येक वेळी थांबून नाडी आणि १० पैकी लक्षणे विचारायची. बोटावरचा ऑक्सिमीटर चालताना भलतेच आकडे दाखवतो, म्हणून थांबल्यावर स्थिर होऊ द्यायचा किंवा सरळ १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणायचे. नाडी १३८ झाली तेव्हा लक्षणे दोनने वाढली. तिथे थांबवले. याच्या ८० ते ९० टक्के म्हणजे ११० ते १२४. या नाडीला रोज २० मिनिटे चालायचे. लक्षणे दोनपर्यंत वाढली आणि तासाभरात उतरली तर चालेल. त्याहून वाढली तर त्या दिवशी थांबायचे, दुसऱ्या दिवशी वेग कमी करून पुन्हा. पाऊस धो-धो होता, म्हणून जागा ठरली गावच्या देवळाचा सभामंडप: सपाट, कोरडा आणि सकाळी सातला रिकामा.

मान आणि डोळे: उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा, मानेसाठी. घरी दिवसातून तीनदा, अंगठा हातभर अंतरावर धरून त्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवी ३० सेकंद वळवायची. शिवाय पेन्सिल हळूहळू नाकाकडे आणायची, दोन दिसू लागली की थांबायचे, दहा वेळा.

शाळा: पहिला आठवडा पहिल्या चार तासिका, मग घरी. पुढचा बाक, खिडकीच्या उजेडापासून लांब. २० मिनिटे वाचन, ५ मिनिटे डोळे मिटून. फळ्यावरून उतरवणे नाही, वर्गातल्या एका मुलीच्या वहीच्या झेरॉक्स. घटक चाचणी तूर्त माफ. बालरथात (शाळेच्या बसमध्ये) पुढची सीट. मुख्याध्यापिकांशी डॉक्टर फोनवर पाच मिनिटे बोलले, पालकांच्या परवानगीने. त्यांनी एकच शंका काढली: "इतर पालक विचारतील, हिलाच का?" उत्तर म्हणून त्यांना पत्र पुरेसे होते. शाळांना बहुधा सवलत द्यायला हरकत नसते, कागद हवा असतो.

मुलीशी वेगळे दहा मिनिटे बोलणे झाले. "बाय, नाटक करून पेन अकरा सेंटिमीटरवर दोन दिसत नाही," हे ऐकल्यावर ती रडली. मन उदास आहे का, जगणे नको असे वाटते का, हेही सरळ विचारले. उदासी होती, दुसरे नव्हते.

परिणाम

सांगितले तसेच, पहिले चार दिवस डोकेदुखी वाढली. शुक्रवारी केंद्रातल्या नर्सने फोन केला नसता तर योजना तिथेच सुटली असती. आई दुसरीकडे न्यायच्या तयारीत होती. सत्ताविसाव्या दिवशी लक्षणांचे गुण ३३. कमी झाले होते, पण फार नाही, आणि दुसऱ्या दिवशी चार आठवडे भरत होते.

तयार पत्र बाहेर काढायची वेळ हीच होती. डॉक्टरांनी ते एक आठवडा थांबवले. बाजूने तीन गोष्टी होत्या: गोळी सुटल्याची उसळी नुकतीच ओसरली होती, चालण्याची नाडी १३० पर्यंत लक्षणांशिवाय जात होती, आणि ती चार तासिका रोज बसत होती. अट घातली: चौतिसाव्या दिवशी गुण २५ च्या खाली नसतील तर बांबोळी. ही २५ ची रेघ कुठल्याही मार्गदर्शिकेतली नाही, डॉक्टरांनी स्वतः आखलेली आहे. निर्णय वादाचा आहे. दुसऱ्या कुणी त्याच दिवशी पाठवले असते तर तेही चूक म्हणता येणार नाही. चौतिसाव्या दिवशी १९ आले.

मग चवथ (गणेश चतुर्थी) आली. घरच्यांनी मूळ घरी जायचे ठरवले होते. मुलीला मागे ठेवायचे की न्यायचे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला ही जमेची बाजू. उत्तर होते: न्या. अंधाऱ्या खोलीचा दुसरा अवतार नको. फक्त आरतीच्या वेळी घुमटे आणि झांजांपासून दूर बाहेरच्या सोप्यावर बसू द्या, कानात इअरप्लग, फटाक्यांच्या वेळी आत. दुसऱ्या रात्री भावंडांबरोबर जागरण झाले आणि गुण एका दिवसासाठी २६ वर गेले, दोन दिवसांत उतरले. एकेचाळिसाव्या दिवशी १५.

सुट्टीनंतर शाळा पूर्ण वेळ सुरू झाली. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी ५, पंचावन्नाव्या दिवशी ३, म्हणजे मार लागण्याआधी होते तितकेच. उभे राहिल्यावरची नाडीची वाढ १८, पेन ६ सेंटिमीटरवर, मान मोकळी, दहापैकी आठ शब्द आठवले. आठवडाभर शाळा पूर्ण वेळ झालेली. तोवर तिने खेळाकडे परतण्याच्या सहा पायऱ्यांपैकी पहिल्या तीन, म्हणजे घरची कामे, चालणे-सायकल, आणि एकटीने चेंडू घेऊन धावणे, लक्षणे हलकी असतानाच चढल्या होत्या. चौथीपासून पुढे तसे चालत नाही. तिथे या माराची लक्षणे पूर्ण गेलेली हवीत, जोर लावल्यावरही, आणि डॉक्टरची लेखी परवानगी हवी. पंचावन्नाव्या दिवशी ती दिली: आधी संघाबरोबर धडकेविना सराव, मग धडकेसह पूर्ण सराव, मग सामना, दोन पायऱ्यांत किमान २४ तास. ती बासष्टाव्या दिवशी सामन्याला उतरली. शाळेची स्पर्धा तोवर संपली होती.

वेगळे काय करता आले असते

सीटीपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथेच अडकतात. डोक्याला मार लागलेल्या मुलाला सीटी हवा का हे ठरवायला, दोन वर्षांवरील मुलांसाठी पेकार्नचा नियम आहे, २००९ चा, ४२ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून आलेला. शुद्धीत फरक किंवा कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची खूण असेल तर सीटी. ते नसेल, पण शुद्ध हरपणे, उलटी, तीव्र डोकेदुखी किंवा जबर अपघात यांपैकी काही असेल तर गंभीर इजेचा धोका १ टक्क्याच्या आत, आणि तिथे निरीक्षण हा पूर्ण सन्मान्य पर्याय आहे. कॅज्युअल्टीतल्या नोंदीनुसार ही मुलगी या गटात होती, पण उत्तरे उशिरा येणे हाही या नियमात शुद्धीतला फरकच धरतात. तपासताना उत्तरे उशिरा येत नसती तर काही तास ठेवून पाहिले तरी चालले असते. सीटी केला ही चूक नाही. चूक अशी की तो नॉर्मल येताच प्रकरण मिटले असे सर्वांनी धरले.

त्याच रात्री दुसरे एक गणित पाच मिनिटांत करता आले असते. ५ ते १८ वयासाठी, ४८ तासांच्या आत वापरायचे १२ गुणांचे मापन आहे, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले. ते २८ दिवसांनंतर लक्षणे राहण्याची शक्यता सांगते. हिचे गुण: वय १३ वा अधिक २, मुलगी २, आधीचे आठवड्याहून लांबलेले कन्कशन १, डोकेदुखी १, आवाजाचा त्रास १, थकवा २, उत्तरे हळू १. बेरीज १०, आणि तोलाची चाचणी धरलेलीच नाही. ९ पासून पुढे धोका जास्त. म्हणजे लांबणार हे पहिल्या रात्री कळण्यासारखे होते, पण सायकलवरून पडल्याचे कुणी विचारले नव्हते. मागे वळून केलेली बेरीज सोपी असते हे मान्य. पण सातपैकी सहा उत्तरे त्या रात्री आईच्या तोंडावर होती.

मोबाइलबंदीबद्दल: पहिले ४८ तास स्क्रीन टाळल्याने फायदा होतो. १२ ते २५ वयोगटातल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टाळणारे मध्यक ३.५ दिवसांत बरे झाले, न टाळणारे ८ दिवसांत. त्याच आधारावर पंधरा दिवसांची बंदी लिहिता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींपासून पंधरा दिवस तोडणे हा वेगळाच आजार आहे.

केंद्रात आता डोक्याला मार लागलेल्या १८ वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी रजिस्टरात तीन रकाने आहेत: तिसरा दिवस, चौदावा दिवस, अठ्ठाविसावा दिवस. तिसऱ्या दिवशी फोन चालतो, बाकी दोन भेटी. कॅज्युअल्टीतून आलेला कागद असला तरी हीच पद्धत. छापील पानावर एका बाजूला पालकांसाठी धोक्याची लक्षणे आणि रुग्णवाहिकेचा १०८, दुसऱ्या बाजूला शाळेच्या चार आणि खेळाच्या सहा पायऱ्या, प्रत्येकीपुढे तारीख व सहीची रिकामी जागा. जागा रिकामी हे मुद्दाम. एक क्रीडाशिक्षक आता पावसाळ्याआधी ते पान मागून नेतात. फुटबॉलच्या नियमांत २०२४ पासून कन्कशनसाठी जादा कायमस्वरूपी बदली खेळाडूचा पर्याय स्पर्धांना उपलब्ध आहे. शालेय स्पर्धेने तो घेतला तर "अकरा भरायला हवेत" हा मैदानावरचा दबाव बराच हलका होईल.

एक भोक मात्र या योजनेतही राहिले होते आणि ते त्रेचाळिसाव्या दिवशी दिसले. पत्र शाळेला गेले होते. गावच्या क्लबच्या प्रशिक्षकांना त्याचा पत्ताच नव्हता. रविवारच्या सामन्यात एक मुलगी कमी पडत होती म्हणून त्यांनी बुधवारी घरी फोन केला. वडील हो म्हणणार होते, मुलगीच नाही म्हणाली. तेव्हापासून इतिहास विचारताना एक प्रश्न वाढला आहे, "आणखी कुठे कुठे खेळतेस?", आणि पत्राच्या तितक्याच प्रती निघतात.